प्रत्येक ‘रेडिएशन’ म्हणजे किरणोत्सर्ग नव्हे

महोदय,

मोबाइल टॉवरमधून ‘किरणोत्सर्ग’ होतो, अशा बातम्या मराठी वृत्तपत्रांत वारंवार येतात आणि कर्करोगाच्या रुग्णाला दिल्या जाणाऱ्या रेडिएशनसाठीही पुष्कळदा हाच शब्द छापला जातो. हा प्रघात बदलावा, यासाठी हे पत्र.

‘रेडिएशन’चे मूळ लॅटिन ‘रेडिअस’ या शब्दात आहे आणि त्याचा एक अर्थ चाकाचा आरा असा होतो. बैलगाडीच्या चाकात तुंब्यापासून आरे चहूकडे जातात, तसे मध्यापासून बाहेर पसरणे हा त्यातला मूळ भाव. म्हणून चुलीची धग, सूर्यप्रकाश, रेडिओलहरी, क्ष-किरण ही सारी रेडिएशनच. जीवशास्त्रात तर एका पूर्वजापासून गालापागोस बेटांवर फिंच पक्ष्यांच्या अनेक जाती निर्माण झाल्या, त्यालाही हाच शब्द लावतात. किरणोत्सर्गाचा अर्थ मात्र नेमका आहे. अस्थिर अणुकेंद्रकांतून कण आणि किरण आपोआप बाहेर पडणे, जे १८९६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ बेक्वेरेल यांना युरेनियमच्या संयुगात आढळले, तो किरणोत्सर्ग. तरंगरूपी ऊर्जेसाठी मराठी विश्वकोशाने ‘प्रारण’ हा वेगळा शब्द वापरला आहे.

टॉवरच्या लहरींत अणूतून इलेक्ट्रॉन सुटा करण्याइतकी ऊर्जा नसते. त्यांच्या तीव्रतेला मर्यादा हवीच, आणि भारताने ती १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांशावर आणलीही. तक्रार करायची तर ती या मर्यादेच्या आधारे करावी, अणुभट्टीची आठवण करून देणाऱ्या शब्दाने नव्हे.

माझ्या आईला स्तनाच्या कर्करोगासाठी यंत्राने रेडिएशन दिले जात होते, तेव्हा ‘तिच्या अंगातून किरणोत्सर्ग होतो’ या समजुतीने घरच्याच माणसांनी नातवंडांना तिच्याजवळ बसू दिले नाही. बाहेरून किरण सोडणारे यंत्र बंद झाले की रुग्णाच्या शरीरात त्यातले काहीही उरत नाही, हे तेव्हा कोणाला पटवता आले नाही. थायरॉइडच्या कर्करोगात किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ पोटात दिले जाते, त्या रुग्णाला मात्र काही दिवस इतरांपासून, विशेषतः लहान मुले आणि गरोदर स्त्रियांपासून, अंतर राखावे लागते. हा फरक शब्दातूनच वाचकाला कळायला हवा.

यापुढे उपचारांच्या बातमीत ‘किरणोपचार’ आणि टॉवरच्या बातमीत ‘प्रारण’, तो अवघड वाटल्यास सरळ ‘रेडिएशन’, असे छापावे, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सातारा