लाल झाकणाच्या डब्याबद्दल, गिरणीवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी तुम्ही माझं दळण दळायला नकार दिलात, त्याबद्दल आभार मानायला हे पत्र लिहितेय. गिरणीत येऊन बोलले असते, पण त्या आवाजात निम्मं ऐकू आलं नसतं आणि मला सगळं सांगायचंय.

आंबोळीचं पीठ मला कधी करावंच लागलं नव्हतं. आई कुडाळहून पाठवायची, दिवाळीनंतर एक डबा आणि मे महिन्यात एक. यंदा तिचं मनगट मोडलं आणि मी तिला इथे डोंबिवलीला घेऊन आले. आई आली, पण पीठ आलं नाही. सकाळी पोहे दे, उपमा दे, दोन घास खाऊन ती ताटली बाजूला सारायची. म्हटलं, आपणच पीठ करू. तिला विचारलं असतं तर हात गळ्यात अडकवलेला असतानाही ती ओट्याशी येऊन उभी राहिली असती, म्हणून विचारलं नाही. भाजणी मला येते. त्याच सवयीने तांदूळ, उडीद डाळ, मेथी, सगळं खमंग भाजलं आणि डबा घेऊन तुमच्याकडे आले.

तुम्ही झाकण काढून मूठभर दाणे नाकाशी नेलेत.

"कशाचं करताय?"

"आंबोळीचं."

"मग हे फुगणार नाही, ताई. आंबवायचं ते भाजायचं नसतं. याची थालीपीठं करा."

मागे सात-आठ डबे रांगेत होते. तरीही तुम्ही गिरणी बंद करून मला समजावलंत, की पीठ आंबवणारं जे काही असतं ते दाण्याबरोबरच येतं आणि कढईत तेच मरून जातं. नंतर चिठ्ठीच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहून दिलंत: जाडा तांदूळ 4 वाट्या, उडीद डाळ 1 वाटी, मेथी 2 चमचे. तांदूळ धुऊन, निथळून सावलीत वाळवायचे. डाळ धुवायची नाही, फडक्याने पुसून घ्यायची. ती चिठ्ठी मी फ्रिजवर लावलीय.

दोन दिवसांनी आले तर नुकतेच कुणाचे तरी गहू दळून झाले होते. मी डबा पुढे केला, तर तुम्ही तो बाजूला ठेवलात. गव्हावर तांदूळ दळायचे नाहीत, तांदळाचं दळण येऊ दे, त्याच्यावर घालतो, म्हणालात. शिवाय एक दाणा दाताखाली धरून कट्‌कन मोडून पाहिलात, वाळलाय ना म्हणून. दमट राहिला असता तर महिन्याभरात पिठाला वास आला असता. रात्री डबा घ्यायला आले आणि चिमूटभर पीठ बोटांत चोळून पाहिलं. रव्यापेक्षा बारीक, पण हाताला कणी लागेल असं. आईचं पीठ असंच असतं. हे मी तुम्हाला सांगितलंही नव्हतं.

त्याच रात्री 2 वाट्या पीठ कोमट पाण्यात हाताने फेटून झाकून ठेवलं. सकाळी पातेल्यात ते वर आलं होतं, पळी घातली तर आतून जाळी दिसली. मीठ घातलं, बिडाच्या तव्यावर अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवला आणि पहिली आंबोळी घातली. झाकण काढलं तेव्हा तिला भोकं पडली होती, टाचणीने टोचल्यासारखी. सोबत काळ्या वाटाण्याची उसळ केली होती.

आईने डाव्या हाताने तुकडा मोडला. मी काही बोलले नाही. तिने दुसरा तुकडा मोडला, उसळीत बुडवला आणि विचारलं, "पीठ खंयचा?" मी तुमचं नाव सांगितलं. "बरा दळल्यान," ती म्हणाली आणि तिसरी आंबोळी मागितली. तीन आठवड्यांत तिने काही मागून घेतलं ते त्या सकाळी.

काका, ते भाजलेलं धान्य तुम्ही दळून पैसे घेतले असते तर मी घरी जाऊन पिठालाच दोष दिला असता आणि पुन्हा त्या वाटेला गेले नसते. तुम्ही स्वतःचं गिऱ्हाईक परत पाठवलंत, म्हणून माझ्या आईला तिचा नाश्ता मिळाला. मनापासून आभार.

प्लास्टर निघालंय. शनिवारी आई स्वतः यायचं म्हणतेय, तुमची गिरणी बघायला. तांदूळ आजच सावलीत घातलेत.

तुमची,
लाल झाकणाच्या डब्याची