उंची वाढवायची ती कशाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की इंदूरच्या तरुणांना महू, चोरल, जानापाव या आसपासच्या डोंगराळ भागाची ओढ लागते आणि शहरातल्या गॅरेजांत एक काम जोरात सुरू होते: थार, जिम्नी, गुरखा या कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या गाड्या लिफ्ट करायच्या, म्हणजे स्प्रिंग बदलून उंच करायच्या, आणि त्यांना मोठे टायर चढवायचे. मी पिथमपूरच्या एका कारखान्यात सस्पेन्शनच्या विभागात नोकरी करून निवृत्त झालो. त्यामुळे शेजारपाजारची मुले सल्ला विचारायला येतात. प्रश्न ठरलेला असतो, "काका, दोन इंची लिफ्ट टाकू की चार इंची?" टायर कोणता घ्यायचा, हे कुणी आधी विचारत नाही. माझ्या मते सुरुवात टायरपासून व्हावी आणि बहुतेकांचे काम तिथेच संपावे.

लिफ्ट किटने वर जाते ती चासी आणि तिच्यावरची बॉडी. या तिन्ही गाड्यांचा मागचा एक्सल अखंड आहे, आणि त्यावरचा डिफरेन्शियलचा (इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गिअरांचा) गोळा चाकाच्या मध्याच्या उंचीवर असतो. तुम्ही चार इंची स्प्रिंग घाला की सहा इंची, तो गोळा जमिनीपासून होता तितकाच राहतो. बैलगाडीच्या चाकोरीतून जाताना मधल्या उंचवट्यावर गाडी बसते ती बहुधा याच गोळ्यावर. त्याला वर उचलतो फक्त टायर, आणि तोही व्यास जितका वाढला त्याच्या निम्म्याने. लिफ्टचा फायदा वेगळा आहे: बंपर कातळाच्या पायरीला टेकत नाही, पोट घासत नाही, मोठ्या टायरला फेंडरखाली जागा मिळते. फायदा खराच, पण त्याची गरज किती जणांना पडते? जाम गेटला रील काढायला जाणाऱ्यांना तर नाहीच. तिथून महू-मंडलेश्वरचा डांबरी रस्ता जातो.

जरा हिशेब करू. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५ (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत), म्हणजे व्यास ६९३ मिलिमीटर. हौसेने २१५/७५ आर १५ बसवला तर व्यास होतो साधारण ७०३. गोळा उचलला गेला पाच मिलिमीटर! चार टायरांच्या पैशांत एवढीच उंची. थारच्या २५५/६५ आर १८ च्या जागी २५५/७० घातला, तर व्यास ७८९ वरून ८१४ होतो आणि गोळा जेमतेम सव्वा सेंटीमीटर वर जातो. बदल्यात स्पीडोमीटर तीन टक्क्यांनी मागे पडतो, चाक जड होते, ब्रेकला जास्त जोर लावावा लागतो आणि ॲव्हरेज उतरते.

थारवाल्यांना मी उलटाच सल्ला देतो आणि तो त्यांना आवडत नाही. ही गाडी कंपनीने १६ इंची रिमवर २४५/७५ टायरसह विकली आहे आणि १८ इंची अलॉयवरही. १६ इंची रिमवर टायरची भिंत १८४ मिलिमीटर भरते, १८ इंचीवर १६६. कच्च्या रस्त्यावर ही भिंतच कामाला येते, कारण दगडावर तीच दबते आणि रिम वाचते. उंची सात-आठ मिलिमीटरने कमी होते, ती होऊ द्यावी. ब्रेक कॅलिपरला रिम घासत नाही ना, एवढे मात्र आधी एक चाक बसवून पाहावे.

आता माती. माळव्याची काळी माती भिजली की टायरच्या खाचांत थापली जाते आणि दहा पावलांत मड टेरेन (चिखलासाठीचा, खोल खाचांचा) टायर गुळगुळीत होतो. चाक वेगाने फिरवून माती झटकता येते, पण शेतरस्त्यावर तितके फिरवले की गाडी एक्सलपर्यंत रुतते. घाट उतरून निमाडाकडे गेलो की बसाल्टचे धारदार दगड, तिथे टायरची भिंत फाटायची भीती. शिवाय आठवड्याचे सहा दिवस गाडी शहरातल्या डांबरावरच असते आणि ओल्या डांबरावर मड टेरेन टायर ब्रेक मारल्यावर लांबपर्यंत घसरतो. मजबूत भिंतीचा ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा) टायर मला इथे सर्वांत योग्य वाटतो. त्यातली हवा कच्च्यावर वीस पीएसआयच्या आसपास उतरवली, तर टायर लांब पसरतो आणि माती धरतो. त्यासाठी बारा व्होल्टचा लहान कंप्रेसर आणि प्रेशर गेज लागतो, बस्स. हवा कमी असताना गाडी हळूच चालवायची आणि डांबरावर परतण्याआधी हवा पुन्हा भरायची.

एवढे करूनही लिफ्ट हवीच असेल, तर दीड-दोन इंचांवर थांबावे आणि स्प्रिंगखाली नुसते स्पेसर ठोकून घेऊ नयेत. शॉकअप मूळच्याच लांबीचा राहिला, की खड्ड्यात चाक पुरते खाली जाऊ शकत नाही आणि जमीन लवकर सोडते. ज्यासाठी खर्च केला तेच बिघडले! योग्य किटमध्ये स्प्रिंगला साजेसे शॉकअप, लांब ब्रेक होज (ब्रेकच्या तेलाची नळी) आणि बंप स्टॉप (एक्सलला वर आदळू न देणारे रबर) असतात. जिम्नीच्या दोन्ही एक्सलना आडवा पॅनहार्ड रॉड आहे, एक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा. गाडी उंच झाली की तो एक्सलला एका बाजूला ओढतो, म्हणून कमी-जास्त करता येणारा रॉड लागतो. पुढचा कॅस्टर (चाक सरळ ठेवणारा स्टिअरिंगचा कल) कमी होऊन हायवेवर स्टिअरिंग भरकटते. थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तिथे चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढून त्याच्या सांध्याचे (सीव्ही जॉइंटचे) रबरी बूट फाटतात. उंची वाढली की हेडलाइटचा झोत पुन्हा खाली जुळवून घ्यायचे बहुतेकांना सुचतच नाही. सिमरोल घाटात समोरच्याला आंधळे करणारे हेच.

हे सगळे सांगूनही कायद्याचा प्रश्न उरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ आले. त्यात प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघातानंतर विम्याचा दावा अडू शकतो, तो वेगळाच. किट विकताना गॅरेजवाले यातले काहीही बोलत नाहीत.

पण सरसकट बंदीने हौस थांबत नाही, ती फक्त चोरटी होते. आपल्या पिथमपुरात नॅट्रॅक्स हे वाहनचाचणी केंद्र आहे, तिथे ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, गाड्यांच्या चाचण्यांची सोय आहे. परिवहन विभागाने तिथे दीड-दोन इंची किट तपासून घ्यावीत, जी टिकतील त्यांना मान्यता द्यावी आणि बाकीच्यांची विक्री बंद करावी. तोपर्यंत निदान प्रत्येक मॉडेलला कंपनीने दिलेल्या सगळ्या टायरमापांची यादी नायता मुंडल्याच्या आरटीओत दर्शनी भागात लावावी आणि ती हिंदीबरोबर मराठीतही असावी.

आपला,
एक निवृत्त वाचक,
सुदामानगर, इंदूर