रस्ता पुढे जातो का?

महोदय,

शहर वाढते तेव्हा चर्चा होते ती मजल्यांची, पाण्याची, फार तर रस्त्याच्या रुंदीची. रस्ता पुढे कुठे जोडला जातो, हे कुणी विचारत नाही. शहराच्या कडेच्या नव्या वसाहती नकाशावर पाहाव्यात: एकच फाटक, आत वळणावळणाचे रस्ते आणि शेवटी भिंत. भिंतीपलीकडचे घर हाकेच्या अंतरावर, पण जायचे तर मुख्य रस्त्यावरून वळसा. मग एवढ्याशा अंतरासाठीही गाडी निघते आणि सगळ्यांच्या गाड्या त्याच एका रस्त्यावर येतात. तो रुंद केला की कोंडी सुटेल, ही समजूत मला तरी भाबडी वाटते.

न्यूयॉर्कमधील मॅनहॅटन बेटाच्या चौकटी आखणीचा, म्हणजे एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचा नकाशा १८११ मध्येच तयार झाला. तेव्हा वस्ती बेटाच्या दक्षिण टोकाकडेच होती. बार्सिलोनाचा विस्तार अभियंता सेर्दा यांनी १८५९ मध्ये आखला, सुमारे ११३ मीटरच्या चौकोनांत, कोपरे तिरपे छाटून. इमारती बदलल्या, रस्ते बहुतांशी तेच राहिले. अमेरिकेत विसाव्या शतकात बंद गल्ल्यांची लाट आली. १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर ती ओसरू लागली.

बंद गल्लीत शांतता असते, हे मान्य. पण गाड्या अडवून माणसांना वाट देता येते, त्याला दोन खांब पुरतात. तेव्हा आराखडा मंजूर करतानाच शेजारच्या वसाहतीत उघडणारी किमान एक पायवाट सक्तीची करावी. बांधकाम उभे राहिल्यावर ती जागा कोण सोडणार?

– एक वाचक