हजेरी मी रोज दिली, बाबा

सांगली,
रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, तू दर फोनला विचारतेस, "पैसे आले का गं?" आणि मी "येतील" म्हणून विषय बदलते. परवा बाबांनी शेजारच्या दादांकडून दोन हजार पाठवले, त्या रात्री मला झोप लागली नाही. तोंडानं सांगायला गेले तर रडू येईल, म्हणून लिहिते. विद्यावेतन गेले तीन महिने आलेलं नाही.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत, म्हणजे ऑफिसात राहून काम शिकायला, निवड झाली तेव्हा बाबा, तुम्ही आळीत पेढे वाटले होते. बारावीवाल्याला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना, थेट खात्यावर. आधी मुदत सहा महिन्यांची होती, पुढं ती अकरा केली. नोकरीची हमी नव्हती हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी आवक-जावक शिकले, टपाल सांभाळलं, जुन्या फायलींच्या नोंदी संगणकात भरल्या. पावणेदहाला टेबलाशी हजर असायचे.

पैसे थांबले तेव्हा ऑफिसात म्हणाले, तुमचं आधार खात्याला जोडलेलं नसेल, बँकेत जा. बँकेत दोन खेपा घातल्या. तिथल्या ताईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं, आधार व्यवस्थित जोडलेलं होतं. मग दुसऱ्या कचेरीत गेले. तिथले म्हणाले, पैसे आम्ही अडवलेले नाहीत, तुमच्या ऑफिसला विचारा. परत ऑफिसात आले, तर साहेब मीटिंगला गेलेले. प्रत्येक खेपेला अर्धा दिवस मोडायचा, आणि त्या अर्ध्या दिवसाची रजा पुन्हा माझ्याच नावावर.

शेवटी एका वयस्कर कारकुनांना माझी दया आली. त्यांनी हजेरीचं रजिस्टर काढून माझ्यापुढं ठेवलं. तिन्ही महिन्यांच्या पानांवर माझ्या निळ्या सह्या, ओळीनं. मग त्यांनी योजनेची हजेरी भरतात ते पोर्टल उघडलं. माझ्या नावापुढं उपस्थिती शून्य. ऑनलाइन हजेरी भरणाऱ्या साहेबांची बदली झालेली आणि ओटीपी अजून त्यांच्याच मोबाइलवर जात होता. नवीन माणसाला लॉगिन मिळालेलं नाही. कारकून हळू आवाजात म्हणाले, "पोरी, तू रोज आलीस हे मी सांगू शकतो, पण माझं ऐकणार कोण?"

बाबा, तेव्हा मला तुमचीच गोष्ट आठवली. १९७२ च्या दुष्काळात तुम्ही दहा वर्षांचे, आबांबरोबर पाझर तलावाच्या कामावर जायचा, सुकडी खायचा. रोजगार हमी ज्यांच्या डोक्यातून आली त्या वि. स. पागेसाहेबांनी तिचा पहिला प्रयोग आपल्या तासगाव तालुक्यातल्या विसापुरात १९६५ साली केला, हे तुम्ही किती अभिमानानं सांगता! मागेल त्याला काम, याचा कायदा पुढं १९७७ साली झाला. मला मात्र त्या सगळ्यातला मस्टर कारकून आठवला. संध्याकाळी तो नावं पुकारायचा आणि आबांचं नाव राहिलं की आबा तिथंच त्याच्यापुढं उभे राहायचे, नाव चढेपर्यंत हलायचे नाहीत. मी कुणापुढं उभी राहू?

पैसे थेट खात्यात जमा होतात हे चांगलंच आहे. मधे कुणी हात मारत नाही. पण घोळ झाला तर तो निस्तरायची जबाबदारी अमुक माणसाची, असं नाव भिंतीवर लिहिलेलं हवं. आमच्यातली जतची एक मुलगी मधेच सोडून गेली. बसभाड्याला पैसे उरले नव्हते तिच्याकडे. हुशार होती. तिच्या जाण्याची नोंद कुणी कशात केली असेल असं मला वाटत नाही, आणि हे मला फार लागलंय.

मी सोडणार नाही. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज दिलाय. माझी हजेरी कोणत्या तारखेपर्यंत भरली, ती भरायची जबाबदारी कुणाची, एवढंच विचारलंय. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. रजिस्टरच्या पानांचे फोटो काढून ठेवलेत. संध्याकाळी मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत्याकडे हिशेब लिहिते, त्यात खोलीचं भाडं आणि डबा भागतो. उपाशी नाही, आई.

ते दोन हजार परत पाठवतेय. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन माझ्यासाठी पुढं ढकलू नका. आणि बाबा, गावात कुणी विचारलं तर लपवू नका. पोरगी काम करते, सरकारकडून तिचे तीन महिन्यांचे पैसे यायचेत, असं सरळ सांगा.

पुढच्या शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं येते.

तुमची लेक