घंटा रोमला गेल्या

प्रिय पप्पा-मम्मी,
सप्रेम सलाम.

मी मजेत आहे. फोनवर आवाज बसलेला वाटला तो थंडीने, रडून नव्हे. आजीचा मसाला अजून अर्धी बरणी आहे.

इथला ईस्टरआधीचा पवित्र आठवडा मात्र सांगायलाच हवा. जर्मनीतल्या बव्हेरियातलं हे गाव कॅथलिक. गुरुवारच्या मिस्सात, म्हणजे त्यांच्या उपासनेत, घंटा वाजतात, मग थेट ईस्टरच्या रात्रीपर्यंत बंद. म्हणे, रोमला उडून गेल्या! मग प्रार्थनेची वेळ कळणार कशी? तर पोरं लाकडी यंत्र घेऊन गल्लोगल्ली फिरतात. हातात दांडा, वर दातेरी चाक. गरगर फिरवलं की लाकडी पट्टी दात्यांवर कडाकडा आपटते. पहिल्या वर्षी रात्रपाळी करून नुकती झोपले होते, वाटलं जिना कोसळला. मला अजून प्रश्न पडतो, घंटेचा आवाज नको तर हा कसा चालतो? गुड फ्रायडेला नाचगाण्यालाही कायद्याने बंदी. शरणपूरची, प्रभूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना फार आठवली.

पप्पा, तुम्ही रोज ‘नाकारलेला दगडच कोनशिला झाला’ हे वचन पाठवता. स्तोत्र ११८, पाठ आहे मला. पण नाकारलेल्या दगडाला त्या दिवशी कुठे ठाऊक असतं, पुढे कोपऱ्यात बसायचंय ते? मी बायबलमधली योसेफाची गोष्ट वाचतेय. उत्पत्ती ३७ मध्ये भाऊ त्याला कोरड्या खड्ड्यात टाकतात आणि जेवायला बसतात. त्याचा एक शब्द तिथे नाही. तो गयावया करत होता हे कळतं ४२ व्या अध्यायात, भावांच्याच तोंडून, वीसेक वर्षांनी. म्हणजे ती हाक शास्त्राने वाया जाऊ दिली नाही. प्रभूनेही क्रुसावर स्तोत्र २२ ची पहिलीच ओळ ओरडून म्हटली, ‘माझा त्याग का केलास’ ही. एवढ्यावर माझ्या रात्री निघतात.

योसेफाचं एक पटत नाही. मिसरात विकला गेला, तिथे एवढा मोठा अधिकारी झाला, पण भावांना ओळख देईपर्यंत बापाला निरोप धाडल्याचं कुठे लिहिलेलं नाही. मी तरी काय वेगळं केलं? इथल्या नोकरीच्या परीक्षेचा निकाल जानेवारीतच लागला. नापास. अजून एकदाच बसता येतं. तोवर पगार मदतनिसाचा, म्हणून या महिन्यात २५,००० च पाठवलेत. हप्ता भागेल. छपराच्या पत्र्यांचं मेमध्ये बघते, नक्की.

देवळालीच्या स्थळाने नाही म्हटलं ते बरंच झालं. मम्मी, त्यासाठी उपास धरू नकोस. आणि पाळकसाहेबांना निकालाचं सांगू नका, रविवारी सगळ्या मंडळीसमोर नाव घेऊन प्रार्थना करतील.

आजीच्या मोतीबिंदूला माझ्यासाठी थांबू नका. करून घ्या.

तुमची,
बेबी