दोष नेहमी मनोऱ्याचाच नसतो

महोदय,
मध्यम लहरींच्या (मीडियम वेव्ह) रेडिओ केंद्राजवळ नको तिथे कार्यक्रम ऐकू आला की लोक थेट प्रक्षेपणाच्या मनोऱ्याला दोष देतात. पुष्कळदा खरा गुन्हेगार असतो गंजलेला सांधा: कुंपणाची तार, पन्हळ, पत्र्याचे छप्पर. गंज डायोडसारखा, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागासारखा, वागतो आणि दोन केंद्रांच्या लहरी मिसळतो. ९०० आणि १०९८ किलोहर्ट्झवर केंद्रे असतील, तर ७०२ (९०० ची दुप्पट वजा १०९८) आणि १९९८ (दोन्हींची बेरीज) वर भुते, म्हणजे खोटे संकेत, उमटतात.

शोधायला आत फेराइटच्या (लोहयुक्त चुंबकीय पदार्थाच्या) दांडीचा अँटेना असलेला साधा ट्रान्झिस्टर पुरतो. तो ७०२ वर लावून आडवा धरा, सावकाश फिरवा. आवाज सर्वांत मोठा कुठे येतो ते पाहू नका, ती दिशा ढोबळ असते. आवाज जिथे जवळजवळ मरतो, तिथे दांडीचे टोक उगमाच्या रेषेत असते. मात्र पुढे की मागे हे कळत नाही. म्हणून दोन-तीन ठिकाणांहून रेषा काढा. जवळ गेल्यावर संशयित सांधे लाकडी काठीने हलवा. खरखर बदलली की सापडला. तो घासून तांब्याच्या पट्टीने घट्ट जोडा, किंवा पूर्ण अलग करा. (पावसात दोष लपतो, तपासणी कोरड्या दिवशीच.)

टेलिफोनमध्येच आवाज येत असेल, तर वायरीवर चिमटीत बसणारा एक फेराइट मणी या वारंवारतेला निरुपयोगी. योग्य फेराइटच्या कड्यावर दहा-बारा वेढे हवेत.

— एक रेडिओ तंत्रज्ञ