सूचना : नव्या पुस्तकांची नावं सुचवताना

सभासदहो,

छायाचित्रण, चित्रकला आणि घरगुती रेकॉर्डिंगच्या कपाटासाठी खरेदी करायची आहे. रविवारपर्यंत नाव, लेखक आणि किंमत टेबलावरच्या वहीत लिहा.

एकाच कॅमेऱ्यावरचं किंवा सॉफ्टवेअरच्या एका आवृत्तीवरचं पुस्तक लवकर शिळं होतं. अ‍ॅपर्चर (भिंगाचं प्रकाश आत घेणारं छिद्र), शटर (प्रकाश किती वेळ आत येईल ते ठरवणारा पडदा), आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील ते सांगणारा आकडा) आणि प्रकाश समजावणारं टिकतं. चित्रकलेचं पुस्तक छपाईतले रंग प्रत्यक्ष पाहूनच सुचवा.

रेकॉर्डिंगच्या पुस्तकात खोलीवरचं प्रकरण आधी वाचा. भिंतीला फोम लावल्याने आवाजाचं घुमणं कमी होतं, बाहेरून येणारा लोकलचा आवाज थांबत नाही. हा फरक न सांगणारं पुस्तक आपल्या चाळींतल्या, फ्लॅटांतल्या गाणाऱ्या मुलांच्या काय कामाचं? हुतात्मा चौकाजवळच्या पदपथावरच्या पुस्तकविक्रेत्यांकडेही नजर टाका, जुन्या प्रती चालतील.